समोर वकील नसताना

कायद्याच्या प्रवेश परीक्षेचे वारे आता बेळगावजवळच्या हिंडलग्यातही शिरले आहे. पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाचा अभ्यास एकीकडे, रोजचे इंग्रजी वर्तमानपत्र दुसरीकडे, आणि रविवार आला की सराव चाचणी. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या क्लॅट या प्रवेश परीक्षेचे गणित मुलांना पाठ झालेले असते : दोन तास, १२० प्रश्न, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. प्रश्न उताऱ्यांवरचे आणि तेही फक्त इंग्रजीत, त्यामुळे मराठी शाळेतून आलेल्या मुलाची वेग गाठताना दमछाक होते. महाराष्ट्राची सीईटी त्याला जवळची वाटते, कारण ती मराठीतूनही देता येते आणि चुकल्याचे गुण कापले जात नाहीत. दोन्हीकडे जमले नाही, तर बेळगावात टिळकवाडीला राजा लखमगौडा विधी महाविद्यालय आहेच. देशाचे ॲटर्नी जनरल झालेले के. के. वेणुगोपाल तिथूनच कायदा शिकून गेले. तेव्हा एखादी यादी हुकली म्हणून आयुष्य हुकत नाही, हे घरातल्यांनी मुलांना आधीच सांगून ठेवावे.

या धामधुमीत अर्जाकडे मात्र कुणी परीक्षा म्हणून पाहत नाही. रकाने भरायचे, दाखले जोडायचे, शुल्क भरायचे आणि शेवटी ‘वरील सर्व माहिती खरी आहे’ या ओळीपुढे खूण करून मोकळे व्हायचे. पण ज्याला पुढे आयुष्यभर प्रतिज्ञापत्रे लिहायची आहेत, त्याचे हे पहिले प्रतिज्ञापत्र. ते तो वाचतो का?

सीमाभागात हा प्रश्न जरा जास्तच टोचतो. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयात कर्नाटकात किमान दहा वर्षे शिकलेल्यांसाठी राखीव वाटा आहे. हिंडलग्यातला मुलगा पहिलीपासून इथेच शिकला, म्हणजे तो त्यात बसतो. इकडे महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिक मुलांसाठी व्यावसायिक प्रवेशांत वेगळी तरतूद ठेवली आहे. त्यासाठी सीमाभागात राहत असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा असे दोन दाखले लागतात. एकच मुलगा सकाळी एका अर्जात ‘कर्नाटकातील विद्यार्थी’ होतो आणि संध्याकाळी दुसऱ्या अर्जात ‘सीमाभागातील मराठी भाषिक’.

यावर घरात वाद होऊ शकतो. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांना अभिवादन करायला दरवर्षी १ जूनला हिंडलग्याच्या स्मारकापाशी माणसे जमतात. तिथे नेमाने जाणाऱ्या एखाद्या आज्जाला नातवाचा पहिला अर्ज झोंबेल. दोन्ही दगडांवर पाय कशाला, असे ते विचारतील. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. तरी नातवाने मान खाली घालायचे कारण नाही. तो कर्नाटकात शिकला हे खरे, त्याची आई त्याच्याशी मराठीत बोलते हेही खरे. सीमेचा दावा महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला. त्या वर्षी जन्मलेली मुले आज मतदार आहेत आणि दावा अजून सुरूच आहे. तो मिटेपर्यंत दोन खऱ्या गोष्टी दोन अर्जांत लिहिणे म्हणजे दुटप्पीपणा नव्हे. आपल्या स्थितीचे ते प्रामाणिक वर्णन आहे.

अडचण येते ती दुसऱ्या दाखल्यांपाशी. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्राचे उदाहरण घ्या. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे आणि शेतजमीन पाच एकरांहून कमी. साडेसहा एकरांचा धनी असलेला बाप या दाखल्यासाठी नाडकचेरीत जाण्याआधी दोन एकर आपल्या भावाच्या नावावर करतो. कागदोपत्री चोख व्यवहार, उताऱ्यावर नवे नाव. पीक मात्र याच घरात येते आणि प्रवेश पदरात पडला की जमीनही परत येणार असते. दाखला खोटा नाही, अधिकाऱ्याने तो उतारा पाहूनच दिला आहे. खोटे आहे ते त्या दाखल्याने जे सुचवले आहे ते. ‘कायद्यात बसतंय ना?’ हा बापाचा प्रश्न, आणि कायदा शिकायला निघालेला मुलगा तो शेजारी उभा राहून ऐकत असतो. विधी महाविद्यालयात पाऊल टाकण्याआधीच त्याला धडा मिळतो, की कायदा म्हणजे सत्याला वळसा घालण्याचे कसब.

न्यायालयात हे सहज खपत नाही, कारण तिथे समोर कुणीतरी असते. सीमेच्या दाव्यात एका राज्याने मांडलेली प्रत्येक ओळ दुसऱ्या राज्याचा वकील भिंगाखाली धरतो. अर्जाला मात्र प्रतिवादी नसतो. त्या दोन एकरांमुळे ज्या मुलीचे नाव यादीतून एका जागेने खाली घसरले, तिला ते कधीच कळणार नाही. ती दाद मागणार नाही, उलटतपासणीला वकील पाठवणार नाही. आपण थोडे कमी पडलो, असे समजून ती दुसऱ्या वाटेला लागेल. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच त्याचा पत्ता नसणे, याहून सुरक्षित अन्याय कुठला?

पुढे वकिली करताना, समोर तपासणारे कुणी नसण्याचा हाच प्रसंग रोज येतो. हिंडलग्याचेच उदाहरण घ्या, या गावाचे नाव बाहेरगावी ऐकू येते ते इथल्या मध्यवर्ती कारागृहामुळे. कोठडीत असलेल्या कुणालाही, त्याची ऐपत न पाहता, मोफत वकील मागण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. असा एखादा कच्चा कैदी वकिलाने पुढे केलेल्या कागदावर अंगठा उमटवतो. त्यात काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नाही, तारीख का वाढली हे त्याला तपासता येत नाही. त्या क्षणी त्याचे रक्षण ना बार कौन्सिल करते, ना न्यायाधीश. कुणी पाहत नसताना खरे लिहायची वकिलाला सवय आहे की नाही, एवढ्यावरच त्या कैद्याचे भवितव्य ठरते. ही सवय सनद हातात पडल्यावर लागत नाही. ती आधी लागलेली असावी लागते.

म्हणून अर्ज भरताना मुलांनी एक तालीम जरूर करावी. प्रत्येक रकाना भरून झाला की आपणच विरुद्ध पक्षाचे वकील व्हावे आणि स्वतःला पिंजऱ्यात उभे करावे. ही जमीन खरोखर कोण कसतो? हे उत्पन्न वर्षाचे की सोयीच्या महिन्यांचे? ज्या ओळीवर उत्तर देताना जीभ अडखळेल, ती ओळ खोडावी, मग त्यापायी जागा गेली तरी चालेल. आणि आईवडिलांनी, मुलाच्या भल्यासाठीच तर केले, ही पळवाट सोडावी. अर्जावर मुलाचे नाव असते, त्याखालच्या खोटेपणाचा वारसाही त्यालाच मिळतो. वकील व्हायला गुण लागतात, पण अशिलाने डोळे मिटून ज्याच्या कागदावर अंगठा द्यावा असा वकील व्हायचे, तर त्याची तयारी नाडकचेरीच्या रांगेतच सुरू करावी लागते.