यानदान : जुनी गाडी देताना



डिसेंबर महिना आपल्याला ६ तारखेच्या महापरिनिर्वाण दिनाने माहीत आहे. इथे अमेरिकेत त्याच महिन्यात रेडिओवर आणि ई-मेलमध्ये आणखी एक गोष्ट सुरू होते : "३१ डिसेंबरच्या आत तुमची जुनी गाडी दान करा, आम्ही येऊन घेऊन जातो, टॅक्समध्ये सवलत मिळवा." आपल्या बऱ्याच कुटुंबांत मुलं आता कॉलेजला गेली आहेत. त्यांना सॉकरला आणि रविवारी वंदनेला नेण्यासाठी घेतलेली सात सीटची एसयूव्ही ड्राइव्हवेमध्ये नुसती उभी असते. डीलर ट्रेड-इनमध्ये फारसं काही देत नाही. मग अनेक जण विचारतात, ही गाडी दान करावी का?

करावी. पण कशी करावी, याबद्दल धम्मात फार स्पष्ट मार्गदर्शन आहे. या वेळी त्यावर थोडा विचार करू.

संयुक्त निकायात किंदद नावाचं एक छोटं सुत्त आहे. काय दिल्याने काय दिलं जातं, असा प्रश्न त्यात तथागतांना विचारला आहे. त्यांचं उत्तर एखाद्या तक्त्यासारखं आहे : अन्न देणारा बळ देतो, वस्त्र देणारा वर्ण म्हणजे रूप देतो, दिवा देणारा दृष्टी देतो आणि वाहन देणारा सुख देतो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या यादीत वाहन आहे, हे लक्षात घ्या. प्रवासाची सोय ही चैन नाही, माणसाच्या मूलभूत गरजांमधली ती एक गरज आहे.

वाहन नाकारलं जाणं म्हणजे काय, हे आपल्याला बाबासाहेबांच्या आयुष्यातून कळतं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये त्यांनी १९०१ सालचा प्रसंग लिहिला आहे. वडिलांना भेटायला निघालेली लहान मुलं मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कोणी आलेलं नव्हतं. ही मुलं महार आहेत असं कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं आणि बैलगाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एक जण कबूल झाला. १९२९ मध्ये चाळीसगावला पुन्हा तेच झालं. तोवर ते बॅरिस्टर झाले होते. टांगेवाल्यांनी नकार दिला, म्हणून सवय नसलेल्या आपल्याच माणसाने टांगा हाकला, अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला.

आज अमेरिकेत जात विचारून कोणी गाडी नाकारत नाही. पण इथल्या बहुतेक शहरांत ज्याच्याकडे गाडी नाही त्याला नोकरी, डॉक्टर, मुलांची शाळा, सगळंच दूर पडतं. रात्रपाळी संपते तेव्हा बस बंद झालेली असते. एकट्या आईला चालू स्थितीतली गाडी मिळाली तर ती चांगल्या पगाराची पण लांबची नोकरी घेऊ शकते. तथागतांनी ज्याला सुख म्हटलं ते हेच.

आता अवघड भागाकडे येऊ. आपण ती गाडी देतो, कारण आपल्याला ती नको आहे. मग याला दान म्हणायचं की विल्हेवाट?

अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात असत्पुरुषाच्या दानाची पाच लक्षणं सांगितली आहेत. तो आदर न ठेवता देतो. विचार न करता देतो. स्वतःच्या हाताने देत नाही. टाकाऊ झालेलं देतो. पालीत याला 'अपविद्ध' असा शब्द आहे. आणि कृतीला फळ असतं, हे ध्यानात न घेता देतो. सत्पुरुषाचं दान याच्या नेमकं उलट असतं.

'अपविद्ध' हा शब्द आपल्या समाजाला शब्दकोशात शोधावा लागत नाही. बलुत्याच्या बदल्यात दारात वरून टाकलेली शिळी भाकरी म्हणजे अपविद्ध. आपल्या आजोबा-पणजोबांनी ती खाल्ली आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं की मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टं-शिळं घेणं सोडा. लोकांनी उपाशी राहण्याची तयारी ठेवून ते सोडलं. टाकलेलं घेण्यात माणसाचं काय जातं, हे ज्या समाजाला इतकं ठाऊक आहे, त्याच समाजाची आपण इथली पिढी आहोत. म्हणून देणाऱ्याच्या जागी उभं राहिल्यावर आपल्यावर जास्त जबाबदारी येते. आपल्या हातून दुसऱ्याच्या ओंजळीत शिळी भाकरी पडता कामा नये.

याचा अर्थ वापरलेली वस्तू देऊच नये, असा नाही. वस्तूचं वय आणि वस्तूचा टाकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या घरच्या एसयूव्हीला १३ वर्षं झाली होती. ती द्यायचं ठरलं तेव्हा धाकट्या मुलीने विचारलं, "आपल्याला सेफ वाटत नाही म्हणून देतोय का? मग त्यांना ती कशी सेफ?" या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय गाडी द्यायची नाही, असं आम्ही ठरवलं. मेकॅनिककडून पूर्ण तपासणी करून घेतली, ब्रेक पॅड आणि बॅटरी बदलली. जे दोष राहिले त्यांची यादी करून कागदपत्रांसोबत ठेवली. खर्च फार आला नाही. पण त्यानंतर मुलीला सांगता आलं की या गाडीत मी आजही तुला बसवून नेईन. माझ्या मते जुनी गाडी दान करण्यायोग्य आहे की नाही, याची एवढीच कसोटी आहे. या कसोटीला न उतरणारी गाडी भंगारात द्यावी, आलेले पैसे दान करावेत. तेही चांगलंच दान आहे.

ती पाच लक्षणं एकेक करून आपल्या गाडीला लावून पाहा.

आदराने देणं म्हणजे गाडी आतून-बाहेरून स्वच्छ करणं, दोन्ही किल्ल्या आणि सर्व्हिसच्या पावत्या सोबत देणं. एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर गाडीचा व्हीआयएन नंबर टाकला की एखादा रिकॉल बाकी आहे का, ते कळतं. ती दुरुस्ती डीलर सहसा मोफत करतो. दोष न लपवणं हा चौथ्या शीलाचा भाग आहे. मुसावाद केवळ तोंडाने होत नाही, गप्प राहूनही होतो.

विचार करून देणं म्हणजे गाडी कुठे जाते, हे विचारणं. फोन केला की टो ट्रक पाठवणाऱ्या अनेक संस्था ते काम मध्यस्थ कंपनीकडे सोपवतात. गाडी लिलावात विकली जाते, कंपनी आपला वाटा घेते आणि उरलेली रक्कम संस्थेला मिळते. यात बेकायदा काही नाही, पण किती रक्कम पोहोचते, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. काही स्थानिक संस्था मात्र गाडी दुरुस्त करून थेट गरजू कुटुंबाला देतात. जवळपास अशी संस्था असेल तर आधी तिला विचारा. संस्थेला ५०१(सी)(३) दर्जा आहे का, हे आयआरएसच्या संकेतस्थळावर तपासता येतं.

स्वतःच्या हाताने देणं म्हणजे शक्य तर स्वतः गाडी नेऊन देणं, मुलांनाही सोबत नेणं. टायटलवर संस्थेचं नाव लिहूनच सही करा, ती जागा कोरी सोडू नका. मालकी बदलल्याचं मोटार वाहन विभागाला कळवा आणि त्यानंतरच विमा बंद करा. गाडीच्या स्क्रीनमध्ये साठलेले फोन नंबर, घराचा पत्ता, गॅरेजचं बटण पुसायला आणि टोल टॅग काढायला विसरू नका. एक विनंतीही आहे : ज्या कुटुंबाला गाडी मिळते त्यांचे किल्ली घेतानाचे फोटो आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नयेत. घेणाऱ्याची मान खाली जाईल असं काही दानात असू नये.

टाकाऊ न देण्याबद्दल वर बोललोच आहोत. पाचवं लक्षण फळाचं. इथे टॅक्सचा मुद्दा येतो. कायद्याने मिळणारी सवलत घेण्यात गैर काही नाही. मात्र वजावट आयटमाइझ करणाऱ्यांनाच मिळते. ५०० डॉलरपेक्षा जास्त वजावट मागायची असेल आणि संस्थेने गाडी सरळ विकली असेल, तर २००५ पासूनच्या नियमाने विक्रीत आली तेवढीच रक्कम धरता येते. संस्थेने गाडी स्वतःच्या कामात खरोखर वापरली, तिची मोठी दुरुस्ती केली किंवा गरजूला मोफत वा अगदी कमी किमतीत दिली, तर बाजारमूल्य धरता येतं. यासाठी संस्था फॉर्म १०९८-सी देते. म्हणजे गाडी गरजूच्या हाती पोहोचावी, ही धम्माची अपेक्षा आणि कायद्याचा कल इथे एकाच दिशेने जातात. पण गाडीची किंमत फुगवून लिहिणं हा दुसऱ्या शीलाचा भंग आहे. दान करताना चोरी झाली तर हाती काय उरलं?

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी दहा पारमितांमध्ये दान घेतलं आहे आणि बदल्यात कशाचीही अपेक्षा न ठेवता दुसऱ्याच्या हितासाठी देणं, असा त्याचा अर्थ सांगितला आहे. बावीस प्रतिज्ञांमध्ये आपण या पारमिता पाळण्याचं वचन दिलं आहे. धम्मदीक्षेनंतर नागपुरात केलेल्या भाषणात त्यांनी उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी देण्यास सांगितलं होतं. जुनी गाडी दिली म्हणजे तो विसावा हिस्सा फिटला, असं समजू नये. गाडी ही आपल्याजवळ उरलेली वस्तू आहे, विसावा हिस्सा कमाईतून काढायचा असतो. पण उरलेली वस्तूसुद्धा आदराने देण्याची सवय लागली, की कमाईतून देताना हात आखडत नाही.

या डिसेंबरमध्ये ज्यांच्या ड्राइव्हवेमध्ये अशी गाडी उभी आहे त्यांनी घरात सगळ्यांनी मिळून एकदा बसावं, मुलांचे प्रश्न ऐकावेत आणि मग ठरवावं. मसूरच्या स्टेशनवर ताटकळलेल्या त्या मुलांना कोणी आपणहून, सन्मानाने गाडी दिली असती तर कशी दिली असती, तशी आपण देऊ या.

भवतु सब्ब मंगलं.
साधु, साधु, साधु.
जय भीम!