मनगटावरचं नाव

चैत्री पौर्णिमेला येरमाळ्यात येडेश्वरीची यात्रा भरते. तुळजापुरात तर बाराही महिने भाविकांची रीघ. अशा गर्दीत गोंदणाऱ्याची पथारी हटकून दिसते. पूर्वी काजळी आणि सुई असायची, आता घुरघुरणारं यंत्र आलंय.

आपल्या आज्यांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातावर गोंदण असे. तुळस, विंचू, ठिपक्यांची फुलं. डागदागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं देवाघरी सोबत येतं, असं त्या सांगत. दुष्काळात पाटल्या सावकाराकडे गहाण पडणाऱ्या या मुलखात मला तरी हा हिशेब भाबडा वाटत नाही. नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय न घेणारी बाई भावाचं नाव मात्र हातावर मिरवे!

आजचा पोरगा ‘आई’ गोंदवतो, राजमुद्रा गोंदवतो. ऊसतोडीला परमुलखात जाणारा बाप मनगटावर लेकराचं नाव घालून घेतो. त्याला नुसती हौस कसं म्हणायचं? फक्त सुई नवी आहे ना, हे विचारायला लाजू नका. एकाची सुई दुसऱ्याला टोचली तर ‘बी’ प्रकारची कावीळ किंवा एचआयव्हीची लागण होऊ शकते. शिवाय गोंदल्यानंतर 12 महिने रक्तदान करता येत नाही.