ज्याला जमीन नाही त्याचं पाणी

सवाल साधा आहे. दुष्काळात सगळ्यांनी मिळून तळं बांधलं. त्यात पाणी साठलं. ते पाणी कुणाचं?

'सगळ्यांचं' असं उत्तर लगेच येतं. ग्रामसभेत येतं, मंत्र्याच्या भाषणात येतं, आपल्या पोरांच्या तोंडूनही येतं. या उत्तराची एकदा झडती घेऊ.

आमचा धाराशिव जिल्हा बालाघाटाच्या माथ्यावर नि उतारावर पसरलेला. इथला पाऊस भरवशाचा नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात माणसं टँकरच्या मागं पळत होती. २०२५ च्या सप्टेंबरात परंडा-भूमकडं पुरानं रानं खरवडून नेली. म्हणून पाणी साठवणं ही इथली जुनीच गरज. नळदुर्गच्या किल्ल्यात आदिलशाहीत बोरी नदीवर धरण बांधलं, त्याच्या पोटात पाणीमहाल केला. आज तो बघायला सहली येतात. बादशहाचं नाव सगळ्यांना ठाऊक. दगड कुणी वाहिले ते कुणी सांगत नाही.

माझी आजी १९७२ च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होती. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं अशा दुष्काळी कामांवर होती. त्यात आपल्या वस्त्या किती होत्या ते वेगळं सांगायला नको. त्याच कामांतून रोजगार हमी उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला.

आता पाझर तलाव कसा चालतो ते बघा. त्याला कालवा नसतो. पाणी तळातून मुरतं, जमिनीखालून उतारानं सरकतं आणि खालच्या अंगाच्या विहिरींना फुटतं. विहीर ज्याच्या रानात, पाणी त्याचं. इंग्रजांच्या १८८२ च्या कायद्यापासून हीच रीत. २००९ साली राज्यानं भूजलाचा नवा कायदा केला. त्यात खोल विहिरींवर बंधनं आली, भूमिहीनाला वाटा आला नाही. म्हणजे तळ्यात असताना पाणी सगळ्यांचं, आणि विहिरीतून निघालं की एकाचं. मधे कुणी चोरी केली नाही, कुणी दांडगाई केली नाही. सगळं कायद्यानं, गुपचूप झालं.

कुणी म्हणेल, तुझ्या आजीला मजुरी मिळाली ना? मिळाली. मी सोलापुरात सूतगिरणीत राबतो. मजुरी माझी नि सूत मालकाचं, हा हिशेब मला पाठ आहे. पण गिरणीत भांडवल मालकाचं असतं. तलावाला पैसा जनतेचा, संकटही जनतेचं. मग तिथं मालक कुठनं आला? आणि मी फक्त घामाच्या जोरावर हक्क मागत नाही. जी म्हातारी टोपलं उचलू शकली नाही, जो पांगळा घरी बसला, त्यांचाही त्या पाण्यावर हक्क आहे. पाऊस कुणाच्या कमाईचा नसतो.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्या तळ्यासाठी कोर्टात दहा वर्षं झगडावं लागलं, हायकोर्टाचा निकाल १९३७ साली लागला. तो लढा माणूस म्हणून काठावर उभं राहण्याचा होता. त्यानं पिण्याच्या पाण्याचा हक्क कायद्यात आला. पण पिकवायच्या पाण्याचा? तो अजून सातबाराला बांधलेला आहे. फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब आपल्याच जिल्ह्यात, कसबे तडवळ्याला, महार-मांग वतनदार परिषदेला आले होते. वतनाचा सवाल जमिनीचाच सवाल होता. गावगाड्यानं जमीन वाटली तेव्हा आपल्याला काय आलं ते आपण जाणतो. आता पाणी जमिनीच्या मापानं वाटलं, की तोच जुना अन्याय दर पावसाळ्यात नव्यानं वाटला जातो. खरा मुद्दा हा आहे.

गावातला एक जाणता म्हातारा मला म्हणाला, "आरं लेकरा, तुला रानच न्हाई, पाणी घिऊन काय करतूस? पिणार किती?" बसलेले सगळे हसले. पण या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते महाराष्ट्रानं करून दाखवलं आहे.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. नियम असा: माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि भूमिहीनालाही वाटा. दुसरी गोष्ट आपल्या गिरणी कामगारांची. १९८२ च्या संपात मुंबईहून परतलेले कामगार सांगलीच्या खानापूर तालुक्यात दुष्काळी कामांवर उभे राहिले आणि विचारू लागले, ही खडी किती वर्षं फोडायची? त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ झाली, येरळा नदीवर लोकांचं बळीराजा धरण झालं. तिथंही भूमिहीनाचा हिस्सा धरला.

पाणी हातात असलं की भूमिहीन माणूस बटईला बसताना वेगळा बसतो. रान तुझं, पाणी माझं, राबू दोघं. ज्याच्याकडं दोन एकर कोरडवाहू आहे नि विहीर नाही, तोही आपल्यासारखाच तहानलेला. त्याला शत्रू समजू नका. माणशी वाटणीत त्याचाही फायदाच आहे. तोटा होईल तो दुष्काळी जिल्ह्यात ऊस पोसण्यासाठी तळ उपसणाऱ्याचा.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, गावात तलावाचं, बंधाऱ्याचं, गाळ काढायचं काम निघालं की मजुरी किती एवढंच विचारून परत येऊ नका. खालच्या अंगाला विहिरी कुणाच्या, ते विचारा. काढलेला गाळ कुणाच्या रानात पडणार, ते विचारा. पाणी हटल्यावर उघडी पडलेली गाळपेराची जमीन कोण कसणार, मासे कोण धरणार, ते विचारा. आणि माणशी पाण्याचा ठराव मांडा. पहिल्यांदा हसतील. ठराव पडला तर पुढच्या ग्रामसभेत पुन्हा मांडा.