ब्युरेटवरचा खरा आकडा

यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावसारख्या तालुक्याच्या गावात अकरावी सायन्सला बसलेल्या पोरापोरींना पुढे काय करायचंय म्हणून विचारलं, की बरेच जण 'मेडिकल' असं उत्तर देतात. एमबीबीएस, बीएएमएस, बीएस्सी नर्सिंग, जीएनएम, डीएमएलटी, फार्मसी, सगळं त्या एका शब्दात येतं. घरी पऱ्हाटी आणि सोयाबीन, आईबाप कास्तकार नाहीतर मजूर, दहावीपर्यंतचं शिक्षण मराठीतून आणि अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात हाती इंग्रजीतलं रसायनशास्त्र. ज्यांना परवडतं त्यांचं नाव गावाकडच्या कॉलेजच्या पटावर आणि मुक्काम नागपूर-लातूरच्या क्लासला, ही सोय आता राज्यभर रुळली आहे. डॉक्टरकीला नंबर मोजक्यांचाच लागतो. बाकीची मुलं-मुली वॉर्डात, प्रयोगशाळेत, उपकेंद्रात, औषधाच्या दुकानात पोचतात, आणि रोग्याचे बहुतेक तास त्यांच्याच हाताखाली जातात.

या सगळ्यांना भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र या तीन विषयांतून जावंच लागतं. पण हे विषय म्हणजे नुसता नाका आहे, पावती फाडली की खरा रस्ता पुढे सुरू होतो, अशी समजूत मुलांपासून पालकांपर्यंत आणि कित्येकदा शिक्षकांपर्यंतही पसरली आहे. मला ती मान्य नाही. रोग्याकडे पाहायची सवय वॉर्डात लागत नाही, ती त्याआधी लागलेली असते किंवा मोडलेली असते. आणि ती मोडते कुठे, तर प्रॅक्टिकलच्या जर्नलात.

बोर्डाच्या बारावीला रसायनशास्त्राचे 70 गुण लेखी आणि 30 प्रात्यक्षिकाचे. नीटमध्ये 180 प्रश्न, 720 गुण, आणि त्यातला प्रत्येक गुण उत्तरपत्रिकेवरचा गोल काळा करून मिळवायचा. मेडिकलच्या गुणवत्ता यादीत प्रात्यक्षिकाला जागाच नाही. बारावीला पात्रतेपुरते टक्के पडले की त्या 30 गुणांचं काम संपलं. मुलं हिशेबाला पक्की असतात. ज्याला किंमत नाही त्यावर वेळ घालवायचा नाही हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. दोष त्यांना देता येत नाही, कारण हा हिशेब मोठ्यांनी मांडलेला आहे.

त्या 30 गुणांत काय असतं ते जरा जवळून पाहू. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचं टायट्रेशन महाराष्ट्रातल्या सायन्सच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या बोटांवर तपकिरी डाग ठेवून गेलेलं आहे. फ्लास्कमध्ये पिपेटने मोजून ऑक्झॅलिक आम्ल घ्यायचं, त्यात सौम्य सल्फ्युरिक आम्ल घालायचं, 60 ते 70 अंशांपर्यंत तापवायचं आणि ब्युरेटमधून थेंब थेंब परमँगनेट सोडायचं. पहिल्या थेंबांचा रंग लवकर जात नाही. नवख्या पोराला वाटतं, आला एंड पॉइंट. पण थांबलं, फ्लास्क हलवत राहिलं की तो गुलाबी रंग हळूहळू विरतो. अभिक्रियेत तयार झालेले मँगनीजचे आयन पुढच्या अभिक्रियेला वेग देतात, आणि मग थेंब पडताक्षणी नाहीसा होऊ लागतो. शेवटी एक थेंब असा येतो की फिकट गुलाबी छटा हलवूनही जात नाही. सल्फ्युरिक आम्ल पुरेसं पडलं नसेल तर वेगळंच काही होतं, द्रावण तपकिरी गढूळ होतं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. परमँगनेट इतकं गडद की ब्युरेटमधला खालचा वक्र दिसत नाही, म्हणून वरची कडा वाचायची. असं तीनदा करायचं आणि जुळलेला आकडा सी.बी.आर. (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग) म्हणून लिहायचा.

एवढ्याशा कामात किती गोष्टी हाताला लागतात! पहिल्या खुणेला फसायचं नाही. कुठली कडा वाचायची ते आधी ठरवायचं. एकाच हाताने, एकाच बाटलीतल्या द्रावणाचे तीन आकडे थोडे वेगळे येतात, तेव्हा घाबरायचं नाही आणि खाडाखोडही करायची नाही. पण प्रत्यक्षात वर्गात जो प्रश्न ऐकू येतो तो 'सर, किती यायला पाहिजे?' असा असतो. मागल्या वर्षीच्या एखाद्या ताईचं जर्नल फिरत असतं. त्यातला आकडा तिन्ही रकान्यांत उतरतो, काहींच्या बाबतीत ब्युरेट धुण्याआधीच. एक्स्टर्नल येतात, सही होते. त्या दिवशी ते मूल एक फार मोठी गोष्ट शिकून घरी जातं: न पाहिलेलंही लिहिता येतं आणि त्याने काही बिघडत नाही.

वॉर्डात याचं काय होतं ते सांगायला श्वासाचा तक्ता पुरे. रोग्याचा श्वास नीट मोजायचा तर घड्याळ हाती धरून पूर्ण एक मिनिट त्याच्या छातीकडे पाहावं लागतं, तेही त्याला कळू न देता, कारण कळलं की श्वास बदलतो. यंत्राशिवाय, पैशाशिवाय होणारं हे मोजमाप आहे, आणि माणूस खालावू लागला की आधी बदलणाऱ्या खुणांपैकी ही एक आहे. तरी देशोदेशींच्या रुग्णालयांतल्या नोंदी तपासणाऱ्यांना श्वासाचे आकडे 18 आणि 20 वर गर्दी करून बसलेले दिसले आहेत, आणि रक्तदाबाचे आकडे शून्यावर संपणारे. माणसांचे श्वास असे साचेबंद नसतात. ते आकडे छातीकडे पाहून आलेले नाहीत, 'किती यायला पाहिजे' यातून आलेले आहेत.

यवतमाळ जिल्ह्याला हे अमूर्त वाटू नये, कारण या जिल्ह्याने 2017 चा पावसाळा पाहिला आहे. त्या वर्षी कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसं गेली. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, फवारा वरून अंगावर येणारा, पंपात अनेकदा दोन-तीन औषधं एकत्र. त्यांतली काही सेंद्रिय फॉस्फरस गटातली. आपल्या नसा एकमेकींशी आणि स्नायूंशी अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून बोलतात, आणि निरोप पोचला की एक विकर ते रसायन लगेच तोडून टाकतं. हे विष त्या विकराला जखडून ठेवतं. निरोप मग थांबतच नाही. लाळ गळते, डोळ्यांतून पाणी वाहतं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत स्राव भरून घरघर सुरू होते आणि माणूस आपल्याच पाण्यात बुडाल्यासारखा गुदमरतो.

त्यावर अ‍ॅट्रोपिन देतात. पण किती? पुस्तकात सुरुवातीचा डोस असतो, शेवटचा नसतो. पहिला डोस द्यायचा, पाच मिनिटं थांबायचं, छातीला स्टेथोस्कोप लावायचा. घरघर तशीच असेल तर डोस दुप्पट. पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा छाती. फुप्फुसं स्वच्छ ऐकू येईपर्यंत, नाडी मिनिटाला 80 च्या वर आणि वरचा रक्तदाबही 80 च्या वर येईपर्यंत हे चालू. नुसत्या बाहुल्या पाहून थांबणारा फसतो, नुसती नाडी पाहून थांबणाराही. हद्द ओलांडली तर रोगी बरळू लागतो, अंग तापतं, पोटाचे आवाज थांबतात. मग कमी करायचं, आणि रात्रभर दर तासाला परत पाहायचं. हे अक्षरशः टायट्रेशन आहे, ब्युरेटच्या जागी सिरिंज आहे एवढंच. पहाटे तीन वाजता त्या खाटेशी इंटर्न असतो आणि जीएनएम झालेली सिस्टर असते. तिने बारावीत गुलाबी छटेची खरोखर वाट पाहिली होती की ताईच्या जर्नलातून आकडा उतरवला होता, हे त्या तक्त्यात उमटतं.

शिवाय सगळीच कीटकनाशकं या एका गटातली नसतात. काहींना उतारा नाही. तिथे लक्षणांवर उपचार करत राहायचं असतं, आणि लाळ-घरघर काहीच नसताना अ‍ॅट्रोपिन भरत गेलं तर अपायच होतो. म्हणून नातेवाइकांना बाटली घेऊन यायला सांगणारी, तिच्यावरचं रासायनिक नाव वाचून गट ओळखणारी परिचारिका वॉर्डाला हवी. ती कार्बनी रसायनशास्त्राच्या धड्यातूनच येते.

काही अनुभवी डॉक्टर यावर म्हणतील की हे सगळं वॉर्डातच शिकतात, बारावीच्या पोरांना कशाला. मला वाटतं, सुश्रुताने याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. त्याच्या संहितेच्या सूत्रस्थानात 'योग्यासूत्रीय' नावाचा अध्याय आहे. शिष्याने रोग्याच्या अंगाला हत्यार लावण्याआधी कोहळ्यावर, भोपळ्यावर, काकडीवर छेद घेऊन हात बसवावा, असं त्यात सांगितलं आहे. भोपळा चुकीला माफ करतो, माणसाचं शरीर करत नाही. 1910 साली अमेरिकेतल्या वैद्यकीय शाळांची झडती घेऊन त्यांचा चेहरामोहरा बदलणारा अब्राहम फ्लेक्सनर डॉक्टर नव्हता, शाळामास्तर होता. प्रयोगशाळा आणि रोग्याची खाट या दोन्हींकडे विचार करायची रीत एकच, हा त्याच्या अहवालाचा कणा आहे. बहुधा शाळामास्तर होता म्हणूनच त्याला ते दिसलं.

आपल्याकडे याचा पुरावा हवा तर डॉ. हिम्मतराव बावस्कर आहेत. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला हा माणूस कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात गेला. तिथे लाल विंचवाच्या दंशाने लोक मरत होते. त्यांनी रोग्यांच्या खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातपायांचा थंडपणा यांच्या खऱ्याखुऱ्या नोंदी केल्या. विषाने शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या रसायनांचा पूर येतो आणि रक्तवाहिन्या आवळून हृदयावर ताण पडतो, हे शरीरक्रियाशास्त्र त्यांनी त्या नोंदींशी ताडून पाहिलं, आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी वापरली. 1980 च्या दशकात त्यांचं हे काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. त्यातलं शरीरक्रियाशास्त्र एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचं आहे. ते परीक्षेनंतर फेकून दिलं नाही, हे त्यांचं मोठेपण.

सिकलसेल तर इथल्या घराघरांत आहे. विदर्भातल्या आदिवासी आणि दलित समाजांत हा आजार पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे, आणि बारावीच्या पुस्तकात तो एका ओळीत येतो: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. क्लासमध्ये ती ओळ हमखास येणारा प्रश्न म्हणून पाठ होते. वर्गातल्या एखाद्या पोरीचा भाऊ सांधे धरून रात्रभर कण्हत असतो, आणि त्या ओळीचा त्या कण्हण्याशी संबंध आहे हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. डीएमएलटीला गेल्यावर ती विद्राव्यतेची चाचणी शिकेल. डायथायोनाइट असलेल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा आणि नळीमागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळपणामुळे दिसल्या नाहीत तर पॉझिटिव्ह. इथेच सावध राहायला हवं. वाहक आणि रुग्ण यांतला फरक ही चाचणी सांगत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागतं. तान्ह्या बाळात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त असल्याने ती निगेटिव्ह येऊनही फसवू शकते. ज्या तंत्रज्ञाला हे कळलेलं नाही, त्याच्या एका शेऱ्याने एखाद्या मुलीचं लग्न मोडू शकतं.

मग मारेगावच्या अकरावी-बारावीच्या वर्गाने काय करावं? माझी एक साधी सूचना आहे. शेजारच्या पांढरकवडा भागातल्या भूजलात मर्यादेपेक्षा जास्त फ्लोराइड सापडल्याच्या नोंदी आहेत. भारतीय मानकानुसार लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत. त्यापलीकडे वर्षानुवर्षं पीत राहिलं तर आधी दातांवर डाग येतात, मग हाडं ताठरतात, कारण हाडातल्या खनिजातली हायड्रॉक्सिलची जागा फ्लोराइड घेतं. कॅल्शियम कमी असलेल्या पाण्यात फ्लोराइड जास्त विरघळून राहतं, आणि ते का, हे बारावीच्या आयनिक समतोलाच्या धड्यात, विद्राव्यता गुणाकारात दिलेलंच आहे. तो धडा शिकवताना प्रत्येकाने आपल्या घरच्या हातपंपाचं किंवा बोअरचं पाणी आणावं. झिर्कोनियम-अलिझरिनचा लाल रंग फ्लोराइडने फिका होत पिवळ्याकडे जातो. तो ठरावीक रंगांच्या पट्टीशी जुळवून मोजता येतो, आणि त्याची किट महाग नसते. 'किती यायला पाहिजे' हा प्रश्न इथे कुणी विचारू शकणार नाही, कारण त्या पाण्याचं उत्तर ताईच्या जर्नलात नाही. दोघांनी वेगवेगळं मोजून आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्याने मोजावं, आणि तिन्ही आकडे तसेच लिहावेत. नमुना काचेच्या नाही, प्लास्टिकच्या बाटलीत घ्यावा, बाटली त्याच पाण्याने आधी विसळावी, वर गावाचं नाव, पंपाची जागा आणि तारीख लिहावी. आणि पाऊस पडण्याआधी एकदा व पावसाळ्यानंतर एकदा असे दोनदा नमुने घ्यावेत, कारण पाऊस मुरल्यावर तो आकडा बदलतो.