गोळी समोर ठेवून

चिंतेवरच्या गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवा. अजून फोडू नका. नुसतं बघत राहा.

चंदेरी कागद. बारीक अक्षरं. एक उभी लाल रेघ. चिठ्ठीशिवाय घेऊ नये, एवढंच ती सांगते.

बोट हलकेच फिरवा. फुगीर कप्पे एकेक करून लागतात.

श्वास घ्या. सोडताना जरा सावकाश.

छातीत धडधड आहे? असू द्या. मनगटावर दोन बोटं ठेवा. श्वास लांबवून सोडताना नाडी किंचित मंदावते. पुन्हा सोडा. पुन्हा बघा.

आता आवाज येतील. ‘एकदा सुरू झाली की सुटत नाही.’ ‘प्राणायाम कर, सगळं जाईल.’ शेजारचे काका असतील. ते स्वतः रोज बीपीची गोळी घेतात, हा भाग निराळा.

वाद घालू नका. बोलू द्या त्यांना.

पट्टीकडे परत या. नाव वाचा, एकेक अक्षर.

एस्सिटालोप्राम असेल, तर आज काहीच जाणवणार नाही कदाचित. तिला दोन ते सहा आठवडे लागतात, सुरुवातीला मळमळतंही. तिची तलफ लागत नाही, पण एकदम थांबवली तर चक्कर येते, जीव बेचैन होतो.

अल्प्राझोलाम असेल, तर तासाभरात हायसं वाटतं. सवयीची भीती खरी आहे ती इथे.

दोन्ही पट्ट्या सारख्याच चमकतात.

थांबा. श्वास.

पट्टीशेजारची मोकळी जागा बघा. तिथे काय काय मांडाल? संध्याकाळचं चालणं. चौथा चहा वगळणं. समुपदेशकासमोरची खुर्ची, जिथे भीतीचा विचार कागदावर उतरवून तपासतात, आठवड्यामागून आठवडे. त्यालाही वेळ लागतो.

यातलं एकच घ्यायला हवं का? प्रश्न तसाच राहू द्या. टेबलावर जागा आहे.

आत काय म्हणतंय, ऐका. झोप पार उडाली आहे? कामावर जाणं सुटलंय? मग गोळीला नाही म्हणण्यात मला तरी काही शौर्य दिसत नाही.

अजून एक श्वास. घाई नाही.

जे ऐकू आलं, ते डॉक्टरांना तसंच्या तसं सांगा. चालू असलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आणि रात्री फारच घुसमटलं, तर १४४१६ लावा. टेलि-मानसचा हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.