जाळीआडचे सूर

ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्या माणसाकडे वादकाचे काही देणे उरते काय? प्रश्न प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटेल. किंमत मोजली, तबकडी घरी आणली, व्यवहार संपला, असे कोणीही म्हणेल. मैफलीत बसलेल्या श्रोत्यावर निदान काही बंधने असतात. त्याने वेळेवर यावे, गाणे रंगात आले असता मध्येच उठू नये, शेजाऱ्याशी बोलू नये, आणि मनापासून आवडले तर तसे दर्शवावे. यंत्रापुढे एकटा बसलेला श्रोता या सर्वांतून मुक्त असतो. तो सूर मध्येच तोडू शकतो, वर्तमानपत्र वाचू शकतो, झोपूही शकतो. त्याला कोणी पाहत नाही, आणि तोही कोणाला पाहत नाही. यातले दुसरे कारण मला पहिल्याहून अधिक विचार करण्याजोगे वाटते.

माझ्यापुढे हा प्रश्न उभा राहिला तो आंतोनिओ विवाल्दी या व्हेनिसच्या संगीतकाराच्या चेलो सोनाटांमुळे. चेलो हे व्हायोलिनच्याच कुळातले, पण पुष्कळ मोठे वाद्य. वादक बसून ते गुडघ्यांमध्ये धरतो. त्याचा आवाज पुरुषाच्या गळ्याच्या इतका जवळचा आहे, की मंद गतीच्या भागात कोणी शब्दांवाचून बोलत असल्याचा भास होतो. विवाल्दीचे असे नऊ सोनाटा आज उपलब्ध आहेत. त्यांपैकी सहा 1740 च्या सुमारास पॅरिसमध्ये छापले गेले. 1741 साली विवाल्दी व्हिएन्नात, आपल्या गावापासून दूर, विपन्नावस्थेत वारला. त्या सहांची रचना एकाच साच्याची आहे : विलंबित, द्रुत, पुन्हा विलंबित, पुन्हा द्रुत. ई मायनरमधल्या पाचव्या सोनाटाचा तिसरा भाग मी किती वेळा ऐकला असेन, याची गणती नाही. नोकरीच्या प्रारंभी, पूर्वेकडच्या एका जिल्ह्याच्या गावी, पॉल तोर्तल्ये या फ्रेंच वादकाची तबकडी माझ्या सोबतीला होती. पुढे आनर बिल्समा आणि ख्रिस्तोफ क्वँ यांनी आतड्याच्या तारा लावलेल्या, जुन्या धर्तीच्या चेलोवर केलेली वादने ऐकली. आता तबकडीही गेली; खिशातल्या फोनमधून तेच सूर निघतात.

या विवाल्दीच्या आयुष्याचा मोठा भाग ‘पिएता’ नावाच्या संस्थेशी निगडित होता. 1703 साली तो तेथे व्हायोलिनचा शिक्षक म्हणून लागला. पिएता म्हणजे टाकून दिलेल्या मुलांचा आश्रम. तेथील मुलींपैकी ज्यांना उपजत अंग असे त्यांना गायन-वादन शिकवीत, आणि त्यांच्या वृंदाची कीर्ती साऱ्या युरोपात पसरली होती. व्हायोलिन, चेलो, बासरी, सारे त्याच वाजवीत. परंतु श्रोत्यांना त्या दिसत नसत. प्रार्थनामंदिरातल्या उंच सज्ज्यात, लोखंडी जाळीआड त्या बसत. खाली राजेरजवाडे, वकील, प्रवासी बसलेले असत आणि वरून केवळ सूर येत.

1743 साली फ्रेंच राजदूताचा चिटणीस म्हणून रूसो व्हेनिसला आला. तोही परमुलखात नेमणूक झालेला एक कचेरीतला माणूस होता, ही गोष्ट आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. अशाच दुसऱ्या एका आश्रमातले, मेंदिकान्ती येथले, गायन ऐकून तो वेडावला. जाळीआड साक्षात देवता असणार अशी त्याची खात्री झाली, आणि त्या मुलींना भेटण्याचा त्याने ध्यास घेतला. एका परिचिताने अखेर त्याला आत नेले. पाहतो तो एक कुरूप, एकीला एकच डोळा, एकीचा चेहरा देवीच्या वणांनी विद्रूप झालेला. रूसोने आपल्या आत्मचरित्रात हा प्रसंग मोकळेपणाने सांगितला आहे. प्रथम तो खट्टू झाला. पण फराळाच्या वेळी त्या मुली बोलू-हसू लागल्या तेव्हा त्यांच्यात त्याला गोडवा दिसला; आत्म्यावाचून असे गाता येणार नाही, असे त्याला वाटले. पुन्हा गायन ऐकायला जाण्याचे त्याला भय वाटत होते. गेला, तेव्हा सूर पूर्वीइतकेच सुंदर होते.

या कथेतून सहज निघणारा बोध असा, की जाळी ही श्रोत्यावरची कृपाच होय. ती रूप, वय, कुळ, वस्त्र झाकते आणि शुद्ध कला तेवढी आपल्यापर्यंत येऊ देते. ध्वनिमुद्रिकेचे समर्थनही असेच करता येईल. वादक कोणत्या देशाचा, कसा दिसतो, त्याची मते काय, यांपैकी काहीच तबकडीतून येत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते मी नाकारीत नाही. माझ्या कित्येक एकाकी संध्याकाळी याच कृपेवर निभावल्या.

परंतु तीच जाळी आणखी एक काम करीत होती. वर बसलेली मुलगी कोणी टाकून दिलेली आहे, तिने लग्न केले तर तिचे हे वादन बहुधा कायमचे संपणार आहे, तिच्या सुरांवर आश्रमाला देणग्या मिळत आहेत, हे सारे खालच्या रसिकाला आठवण्याची गरज जाळीमुळे उरत नव्हती. त्याचा आनंद निर्वेध होता, कारण त्या आनंदाचे मोल कोण देत आहे हे त्याच्या दृष्टीआड होते. रूसोची थोरवी, असलीच तर, जाळीपलीकडे जाण्याच्या हट्टात नाही. तो हट्ट साध्या कुतूहलाचा होता. परत आल्यावर त्याने जे ऐकले ते त्या मुलींसकट ऐकले, यात ती आहे.

आता मला माझा एक अनुभव सांगितला पाहिजे.

विवाल्दीने या सोनाटांत दोनच ओळी लिहिल्या आहेत : वरची चेलोची आणि खालची खर्जाची. खर्जाच्या ओळीवर आकडे असतात. त्यांवरून हार्प्सिकॉर्ड वाजविणारा स्वरसमूह स्वतः रचून भरतो, आणि जुन्या पद्धतीच्या वादनात पुष्कळदा दुसरा चेलो ती खालची ओळ धरून चालतो. आपल्याकडच्या साथीदाराहून त्याचे स्थान फार वेगळे नाही. मी कित्येक वर्षे हे सोनाटा ऐकले, पण तो दुसरा चेलो मला ऐकूच आला नाही. कानावर तो पडतच होता. मी मात्र एकट्या नायकाचेच ऐकत होतो. एके रात्री तिसऱ्या भागात वरचा सूर क्षणभर थांबला आणि खालून कोणीतरी शांतपणे पुढचे पाऊल टाकले. त्या पावलाशिवाय वरच्याला उभे राहायला भूमीच नव्हती. मी तबकडीचे वेष्टन काढून पाहिले. त्याचे नाव बारीक अक्षरांत छापलेले होते.

त्याच सुमारास माझ्या मेजावर एका मृत चौकीदाराच्या पत्नीचा निवृत्तिवेतनाचा अर्ज आला होता. अर्जातले नाव आणि सेवापुस्तकातले नाव जुळत नव्हते. मी ‘नामंजूर’ असा शेरा मारून सही केली. नियमाप्रमाणे ते योग्य होते. काही महिन्यांनी बडेबाबू तीच फाईल घेऊन पुन्हा आले. हा गृहस्थ सहसा न विचारता बोलत नसे. ते म्हणाले, “साहेब, हा अर्ज तिचा नाही, तिच्यासाठी लिहिलेला आहे. कचेरीबाहेरच्या लिहिणाऱ्याने कानावर पडले तसे नाव लिहिले. तिचा तर केवळ अंगठा आहे.” चौकशी झाली, नाव दुरुस्त झाले, निवृत्तिवेतन सुरू झाले. मधे अकरा महिने गेले होते. त्या अकरा महिन्यांत ती कशावर जगली, हे मी विचारले नाही. तिला मी कधी पाहिलेही नाही.

या दोन गोष्टींचा संबंध जोडणे कोणाला ओढूनताणून केल्यासारखे वाटेल. संगीत हा फावल्या वेळचा आनंद, फाईल हे कर्तव्य. मला मात्र दोन्हीकडे एकच दोष दिसतो. जाळीतून जेवढे आले तेवढेच सर्वस्व, असे मी धरून चाललो होतो. अर्जातली अक्षरे मी वाचली. त्या अक्षरांमागे एक लिहिणारा, आणि त्याच्याही मागे अंगठा उठविणारी बाई आहे, हे मी ऐकले नाही.

यावर कोणी म्हणेल, मग काय प्रत्येक अर्जदाराला भेटावे? प्रत्येक वादकाचे चरित्र वाचून मगच तबकडी लावावी? ते शक्य नाही, आणि इष्टही नाही. राज्यकारभार हा बहुतांशी न पाहिलेल्या माणसांसंबंधीच चालतो. आणि चेहरा पाहून निर्णय बदलू लागले तर ज्याचा चेहरा केविलवाणा नाही त्याच्यावर अन्याय होईल. जाळी राहणारच. तिचा निष्पक्षपणा आपल्याला हवाही आहे. आपल्या हाती एवढेच आहे, की जाळीच्या पलीकडे कोणी आहे हे गृहीत धरून ऐकावे. खालची ओळ कोण वाजवीत आहे, असे स्वतःला विचारावे. आणि नाही म्हणण्यापूर्वी एकदा थांबावे.

आपल्या कीर्तन-प्रवचनांच्या परंपरेत यासाठी ‘अवधान’ हा जुना शब्द आहे. वक्ता श्रोत्याकडे धन मागत नाही, अवधान मागतो. तबकडीच्या किमतीने वादकाचे वेतन फिटत असेल, पण हे देणे तिने फिटत नाही. ते फेडले की नाही हे तपासणारा कोणी लेखापरीक्षकही नाही.

आता निवृत्त होऊनही बरीच वर्षे झाली. पाचवा सोनाटा मी अजून ऐकतो. तिसरा भाग सुरू झाला, की वरच्या सुराकडे मन धावतेच; तो आहेच तसा. मग मी कान खाली वळवतो आणि दुसरा चेलो सापडेपर्यंत वाट पाहतो. कधी तो लगेच सापडतो, कधी तो भाग संपत येतो तेव्हा. बडेबाबूंचे नाव मला आठवते. त्या बाईचे नाव, ज्यावरून सारे घडले, ते मात्र आज आठवत नाही.