पिठाचा कोंबडा

‘टेरर इन द आइल्स’ हा १९८४ चा अमेरिकन माहितीपट. भीतिपटांतले तुकडे एकापुढे एक जोडलेले, आणि डोनाल्ड प्लेझन्स व नॅन्सी ॲलन हे कलाकार प्रेक्षकांत बसून आपल्याशी बोलतात. पैसे मोजून माणसं भ्यायला का येतात, हा त्यांचा विषय.

मला प्रश्न पडतो तो त्यापुढचा. पडद्यावर खरं कोणी मरत नाही. हिचकॉकच्या ‘सायको’त (१९६०) न्हाणीघरात वाहतं ते रक्त म्हणजे चॉकलेटचा पाक. मग बघणारीला कसला दोष?

यशोधर राजाची कथा आपण ऐकलेली आहे. सीमाभागात तर जन्नकवीच्या कानडी काव्यामुळे ती घरचीच. आईच्या आग्रहाखातर राजानं देवीपुढे कोंबडा कापला, तोही पिठाचा. तरी मायलेकांना कितीतरी जन्म तिर्यंचगतीत फिरावं लागलं. जीव गेला नव्हता, पण भाव मारण्याचाच होता ना!

‘जॉज’मधला (१९७५) शार्कही असाच, यंत्राचा. दहशत मात्र समुद्रातल्या खऱ्या शार्कच्या वाट्याला आली. मूळ कादंबरी लिहिणारे पीटर बेंचली पुढे शार्क वाचवण्याच्या कामाला लागले.

म्हणून सिनेमाच वर्ज्य, हे मला पटत नाही. दुःश्रुती हा अनर्थदंड खरा, पण नरकाची वर्णनं काय कमी अंगावर काटा आणतात? ती तर आपण मुलांदेखत वाचतो.

‘सायको’तली मॅरियन पैसे चोरून पळालेली असते. मग तिचं मन पालटतं. परत किती द्यायचे याचा कागदावर हिशेब मांडते आणि न्हायला जाते. एवढं पाहिलेलं असलं, की सुरी उगारली जाते तेव्हा आपल्या तोंडून ‘अगं बाई’ निघतं ते तिच्यासाठी. तुकड्यांच्या माळेत ती बाई राहातच नाही, नुसती सुरी उरते. एक मेली की पुढची. छाती धडधडते, पण जीव कोणासाठी तुटत नाही. भय हा नोकषाय आहे, मान्य. पण त्याच्या शेजारी करुणेला जागा असते. इथे तिला बसायलाच मिळत नाही, आणि उरते ती चटक. मला भीतीपेक्षा ही चटक जास्त खटकते.

हल्ली मोबाईलवर सगळं तुकड्यांतच येतं. घरातल्या पोरी असलं काही दाखवायला आणतात, तेव्हा मी आधी विचारते, ‘ही कोण गं? हिचं काय झालं होतं?’ बहुतेक वेळा त्यांना ठाऊक नसतं. एखादी मग पूर्ण सिनेमा शोधायला बसते.